सूज जठरात, जळजळ छातीत

एंडोस्कोपीचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेकांची नजर आधी शेवटच्या ओळींकडे जाते. तिथे हमखास दोन गोष्टी असतात: ‘माइल्ड अँट्रल गॅस्ट्रायटिस’ आणि ‘लॅक्स एलईएस’. पहिलीचा अर्थ, जठराच्या खालच्या भागाचं अस्तर लालसर दिसलं. दुसरीचा, अन्ननलिका जठराला मिळते तिथली झडप सैल वाटली. औषध मात्र एकच लिहिलेलं असतं: पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम, सकाळी रिकाम्या पोटी. दोन्हींना एकच गोळी म्हटल्यावर दुखणंही एकच, असा समज होणं साहजिक आहे. जठराला सूज आली, म्हणून ॲसिड वाढलं, म्हणून ते वर चढलं आणि छातीत जळजळ झाली. ऐकायला सुटसुटीत आहे, पण बऱ्याच पोटांच्या बाबतीत हे खरं नाही. जठराची जुनी सूज कित्येकदा ॲसिड कमी करते. ती सूज औषधाने बरी केली आणि त्यानंतर छाती जळायला लागली, असेही रुग्ण असतात.

हे कसं होतं ते कळण्यासाठी जठराचा नकाशा थोडा बघावा लागतो. जठर म्हणजे एक पिशवी, असं आपण शाळेत शिकलो. पण या पिशवीच्या वरच्या आणि खालच्या भागाचं काम वेगवेगळं आहे. वरचा घुमटासारखा भाग आणि मधलं मोठं अंग मिळून जो प्रदेश होतो, तिथे हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार करणाऱ्या पराइटल पेशी असतात. पायलोरसकडे, म्हणजे आतड्यात उघडणाऱ्या तोंडाकडे, निमुळता होत जाणारा खालचा भाग म्हणजे अँट्रम. तिथे ॲसिड जवळजवळ बनतच नाही. तिथल्या जी पेशी गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात आणि ते वर जाऊन पराइटल पेशींना कामाला लावतं. त्यांच्याच शेजारी डी पेशी असतात. त्या सोमॅटोस्टॅटिन सोडून गॅस्ट्रिनला आवर घालतात.

आता सूज नुसती अँट्रममध्ये आहे असं धरा. डी पेशी मंदावतात, गॅस्ट्रिनवरचा आवर सुटतो आणि वरच्या धडधाकट पराइटल पेशी गरजेपेक्षा जास्त ॲसिड ओतू लागतात. लहान आतड्याच्या सुरुवातीला होणारा ड्युओडेनल अल्सर बहुधा अशाच पोटात होतो. हीच सूज मधल्या अंगात पसरली की चित्र उलटं होतं. सुजेतून बाहेर पडणारं इंटरल्यूकिन-१ बीटा हे रसायन पराइटल पेशींना थेट थंड करतं. सूज वर्षानुवर्षं राहिली तर ॲसिडच्या ग्रंथीच झिजतात. याला ॲट्रोफी म्हणतात. अशा माणसाच्या पोटात ॲसिड कमी असतं, आणि जठराच्या कर्करोगाचा धोका मात्र वाढलेला असतो. दोन्हींमागचा जंतू बहुतेक वेळा एकच, हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो लहानपणी, बहुधा घरातल्याच माणसांकडून येतो आणि औषध दिल्याशिवाय सहसा जात नाही. फरक पडतो तो सूज कुठे मुक्कामाला आहे यामुळे.

या जंतूच्या शोधाच्या इतिहासातच या उलट्या नात्याचा एक पुरावा सापडतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये हा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. अल्सर जंतूमुळे होतो यावर कोणी विश्वास ठेवेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतःवरच प्रयोग केला. आधी एंडोस्कोपी करून आपलं जठर निरोगी असल्याची खात्री करून घेतली आणि मग जंतूंचा काढा सरळ पिऊन टाकला. काही दिवसांत मळमळ सुरू झाली, तोंडाला वास येऊ लागला, उलट्या झाल्या. दहाव्या दिवशीच्या बायॉप्सीत जठराला चांगलीच सूज होती. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं आणि ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. त्यातला एक तपशील सहसा गळतो: त्या उलट्यांमध्ये ॲसिड नव्हतं. ताज्या सुजेने मार्शल यांच्या जठराचं ॲसिड काही काळ बंद पाडलं होतं.

जळजळीची गोष्ट वेगळ्या जागी घडते. रिफ्लक्सचा, म्हणजे जठरातलं ॲसिड वर अन्ननलिकेत येण्याचा, आजार असलेल्या बहुतेक माणसांच्या पोटात ॲसिड नेहमीइतकंच असतं. बिघाड त्याला खाली अडवून धरणाऱ्या यंत्रणेत असतो. अन्ननलिकेच्या तळाशी तीन-चार सेंटिमीटर लांबीचा, कायम आवळलेला स्नायूचा पट्टा असतो, तोच एलईएस. त्याचा दाब साधारण १० ते ३० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. त्याच जागी बाहेरून श्वासपटलाच्या स्नायूंचा वेढा असतो. पायजम्याला आतून नाडी आणि वरून कमरपट्टा, तशी ही दुहेरी सोय आहे. हायएटस हर्निया झाला की जठराचा वरचा भाग छातीत सरकतो, नाडी एकीकडे आणि पट्टा दुसरीकडे होतो, आणि दोन्ही शाबूत असूनही पकड सुटते.

हर्निया नसतानाही झडप अधूनमधून आपण होऊन उघडते. गिळताना ती उघडते ते काही सेकंदांपुरतं. पण पोट ताणलं गेलं की न गिळताही ती दहा सेकंदांहून जास्त वेळ सताड उघडी राहते. ढेकर येतो तो याच वाटेने. निरोगी माणसात वर येतो तो मुख्यतः वारा. रिफ्लक्सच्या रुग्णात वाऱ्याबरोबर ॲसिडही येतं, आणि तेही जेवणानंतर, म्हणजे अन्नाने ॲसिड सौम्य झालेलं असायला हवं तेव्हा. या कोड्याचं उत्तर २००१ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी दिलं. जेवण झाल्यावर अन्नाच्या ढिगावर, अगदी झडपेच्या तोंडाशी, ताज्या ॲसिडचं एक तळं साचतं आणि ते अन्नात मिसळतच नाही. उघडी झडप आणि तिच्या दारातच तीव्र ॲसिड, असा तो योग असतो. जेवणानंतर दहा-वीस मिलिलिटर अल्जिनेटचं पातळ औषध घ्यायला सांगतात ते याचसाठी. ॲसिडशी गाठ पडली की त्याचा तरंगता जेलीसारखा थर बनतो आणि तो नेमका या तळ्यावर बसतो. जेवणाआधी घेतलं तर ते अन्नाबरोबर खाली निघून जातं आणि बाटली संपली तरी फरक पडला नाही, अशी तक्रार येते.

अन्ननलिकेच्या अस्तराला ॲसिड सोसवत नाही. तिथला पीएच चारच्या खाली गेला की इजा सुरू होते असं मानतात. नाकातून बारीक नळी घालून चोवीस तासांची मोजणी करतात. त्यातला चार टक्क्यांपेक्षा कमी वेळ, म्हणजे तासाच्या आतबाहेर, ॲसिड वर राहिलं तर ते नेहमीचंच म्हणायचं. सहा टक्क्यांच्या वर, म्हणजे सुमारे ८६ मिनिटांहून जास्त, तर आजार पक्का. मधल्या पट्टीत इतर पुरावा शोधावा लागतो. ‘मला फार ॲसिडिटी आहे’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा आकडा अगदी नॉर्मल निघतो. त्यांची अन्ननलिका हळवी असते किंवा दुखणं मुळात वरच्या पोटाचं असतं.

रुग्णाला तक्रार विचारण्यापेक्षा हात कुठे जातो ते पाहणं कधीकधी जास्त कामाचं असतं. तळहात छातीच्या मधल्या हाडावरून खालून वर फिरला, सोबत ‘घशाशी आंबट येतं’, ‘वाकलं की वर येतं’ असं असेल, तर रिफ्लक्सची शक्यता मोठी. बोटं बेंबीच्या वर, बरगड्यांच्या कमानीखाली टेकली आणि ‘दोन घासांत पोट डब्ब होतं’ असं वर्णन आलं, तर ते बहुधा अपचनाचं दुखणं. आणि जठराला नुसती जुनी सूज असेल तर? तर बहुतेकांना काहीच जाणवत नाही. आपल्या देशात हा जंतू पोटात घेऊन हिंडणारी माणसं कोट्यवधी आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्यांना त्याचा पत्ताही नाही. त्यामुळे जळजळीसाठी केलेल्या तपासणीत सूज सापडली, एवढ्यावरून तीच जळजळीचं कारण ठरत नाही.

जुन्या सुजेचा रिफ्लक्सवर खरोखर परिणाम होतो तो बहुधा ॲसिडच्या प्रमाणातून. मधल्या अंगाला सूज असलेल्या माणसाची झडप सैल असेल, तरी वर येणारा रस तितका जहाल नसतो. पुढे कोणी जंतू शोधून त्याचा नायनाट केला की सूज उतरते, पराइटल पेशी पुन्हा जाग्या होतात आणि इतकी वर्षं झाकलेली सैल झडप उघडी पडते. १९९७ मध्ये जर्मनीत ड्युओडेनल अल्सरच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास गाजला तो यामुळेच. जंतू गेलेल्यांपैकी २५.८ टक्क्यांना तीन वर्षांत अन्ननलिकेचा दाह झाला. जंतू राहिलेल्यांत तेच प्रमाण १२.९ टक्के होतं. दाह झालेल्यांत पुरुष जास्त होते, त्यांच्या जठराच्या मधल्या अंगाची सूज आधी जास्त होती आणि उपचारानंतर त्यांचं वजनही वाढलेलं होतं. पोट दुखायचं थांबलं, माणूस पोटभर जेवू लागला, घेर वाढला आणि झडपेवरचा दाबही.

पुढच्या अभ्यासांत हा परिणाम सगळीकडे सारखा दिसला नाही. जिथे सूज मुख्यतः अँट्रममध्ये असते तिथे जंतू गेल्यावर ॲसिड उलट कमी होतं आणि जळजळही कमी होऊ शकते. म्हणून ‘जंतूचं औषध घेतलं तर ॲसिडिटी होते’ हे वाक्य जितकं अर्धवट, तितकंच ‘जंतू गेला की ॲसिडिटी जाते’ हेही.

मग रिफ्लक्सपासून राखण करतो म्हणून जंतूला राहू द्यावं का? असं म्हणणारे आहेत. पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकात हा जंतू कमी होत गेला आणि रिफ्लक्स वाढत गेला, हा त्यांचा मुद्दा. पण त्याच काळात तिथे माणसांची वजनंही वाढली. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्ये या जंतूला कर्करोगजनकांच्या पहिल्या गटात घातलं आहे. जळजळीवर चांगली औषधं आहेत, झिजून गेलेल्या ग्रंथींवर नाहीत. माझ्या मते सापडलेला जंतू काढावा आणि जळजळ झालीच तर तिचा वेगळा बंदोबस्त करावा.

आता गोळीकडे. रिफ्लक्ससाठी वर्षानुवर्षं पीपीआय, म्हणजे पँटोप्राझोल-ओमेप्राझोलसारखी ॲसिड दाबणारी गोळी, घेणाऱ्याच्या पोटात जर हा जंतू असेल, तर सूज अँट्रममधून वर मधल्या अंगाकडे सरकते. नेदरलँड्स आणि स्वीडनमधल्या रुग्णांची तुलना १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. जंतू असलेल्या आणि ओमेप्राझोल घेणाऱ्यांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यात पाचेक वर्षांत ॲट्रोफी दिसू लागली. शस्त्रक्रियेने झडप आवळून घेतलेल्यांत ती दिसली नाही. पुढच्या तुलनेत फरक इतका ठळक राहिला नाही. तरीही दीर्घकाळ पीपीआय देण्याआधी जंतू तपासावा आणि असल्यास काढावा, हा सल्ला टिकून आहे. आपल्याकडे याच्या नेमकं उलट चालतं: गोळी आधी, औषधाच्या दुकानातून, वर्षभर, आणि तपासणी मग केव्हातरी.

या उलट क्रमाचा फटका तपासणीलाच बसतो. एंडोस्कोपीच्या टेबलाशेजारी रॅपिड युरिएज टेस्टची छोटी डबी ठेवलेली असते. आत पिवळी जेली, तिच्यात युरिया आणि रंग बदलणारं द्रव्य. जठरातून काढलेला तांदळाच्या कणीएवढा तुकडा तिच्यात रुतवतात. जंतू असेल तर त्याचं युरिएज हे विकर युरियाचा अमोनिया करतं, पीएच वाढतो आणि तुकड्याभोवती गुलाबी वलय उमटून पसरत जातं. कधी काही मिनिटांत, कधी काही तासांत. रुग्णाने आदल्या दिवशीपर्यंत पँटोप्राझोल घेतलेलं असेल तर जंतूंची संख्या घटलेली असते आणि उरलेले अँट्रम सोडून वर गेलेले असतात. तुकडा मात्र सवयीने अँट्रममधूनच घेतला जातो. जेली पिवळीच राहते, रिपोर्टवर ‘आरयूटी निगेटिव्ह’ असा शिक्का बसतो आणि पुढची दहा वर्षं तो रुग्ण ‘मला तो जंतू नाही’ असं सांगत राहतो. ही टेस्ट, श्वासाची टेस्ट आणि शौचातल्या अँटिजेनची टेस्ट, तिन्हींसाठी पीपीआय किमान दोन आठवडे आणि अँटिबायोटिक किमान चार आठवडे बंद हवं. रक्तातल्या अँटिबॉडीच्या टेस्टला हे पथ्य लागत नाही, पण जंतू आज आहे की कधीकाळी होता, हे तिला सांगता येत नाही. त्यामुळे ती स्वस्त असूनही महाग पडते.

‘अँट्रल गॅस्ट्रायटिस’ या शब्दांवरही डोळे झाकून विसंबू नये. दुर्बिणीतून दिसते ती लाली. लाली आणि सूज यांची सांगड पुष्कळदा बसत नाही: लाल दिसणारं अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी निघतं आणि गुळगुळीत, फिकट दिसणाऱ्या अस्तरात ग्रंथी निम्म्या झिजलेल्या सापडतात. पक्कं निदान बायॉप्सीतूनच होतं. सिडनी पद्धतीप्रमाणे पाच तुकडे घ्यायचे असतात: दोन अँट्रममधून, दोन मधल्या अंगातून आणि एक दोन्हींच्या मधल्या खोबणीतून. अँट्रमचे आणि अंगाचे तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत गेले पाहिजेत. सगळे एकाच बाटलीत टाकले की सूज कुठे आहे, हा जो कळीचा प्रश्न, त्याचंच उत्तर हरवतं. बायॉप्सी होणार असेल तर आधीच ‘दोन बाटल्या करणार ना?’ असं नम्रपणे विचारायला हरकत नसावी.

अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावर कार्डिया नावाची अगदी अरुंद पट्टी असते. दोन्ही आजारांची प्रत्यक्ष गाठ पडते ती इथे. कार्डियाला सूज आहे आणि अँट्रम निरोगी, तर बहुधा वर उसळणाऱ्या ॲसिडनेच ती पट्टी पोळली आहे. कार्डिया आणि अँट्रम दोन्ही सुजलेले असतील तर जंतूकडे बोट जातं.

जंतूखेरीज जुन्या सुजेची आणखीही कारणं आहेत. संधिवातासाठी रोजचं डायक्लोफिनॅक किंवा हृदयासाठी ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांत अस्तराचं संरक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन्स कमी पडतात. तिथे पीपीआय ढालीसारखी कामाला येते आणि ती मनाने बंद करू नये. पित्ताशय काढल्यावर किंवा जठराच्या शस्त्रक्रियेनंतर आतड्यातला पित्तरस उलटा जठरात येऊन अस्तर चाळवतो. हिरवट-पिवळी, कडू उलटी ही त्याची खूण, आणि ॲसिड दाबून तिथे फारसं काही साधत नाही. तिसरं कारण सर्वांत जास्त निसटतं: स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने पराइटल पेशींवर केलेला हल्ला. अशा पोटात ॲसिड जवळपास नसतं, तरी माणूस जळजळीची, पोट भरल्याची तक्रार घेऊन येतो आणि त्याला पीपीआय मिळते. बी-१२ कमी निघालं की ‘तुम्ही शाकाहारी ना’ म्हणून विषय संपतो. इंजेक्शनं देऊनही पातळी पुन्हापुन्हा घसरत असेल, लोहही कमी असेल, सोबत थायरॉइडचा त्रास असेल, तर हे कारण डॉक्टरांशी बोलून पडताळून घ्यावं.

पीपीआय घेण्याची पद्धत हा वेगळाच गोंधळ. ही गोळी पोटातल्या ॲसिडवर काम करत नाही. ती रक्तातून पराइटल पेशीपर्यंत जाते आणि त्या क्षणी चालू असलेले ॲसिडचे पंप कायमचे निकामी करते. झोपलेल्या पंपांना ती हात लावू शकत नाही, आणि रक्तात ती टिकते जेमतेम तास-दोन तास. पंप जागे होतात ते अन्नाने. म्हणून गोळीनंतर अर्ध्या ते एका तासात न्याहारी पोटात गेली पाहिजे. घराघरांत चालतं ते असं: सहाला गोळी, सव्वासहाला चहा-बिस्किट, आणि पोहे-उपमा खायला साडेनऊ. तोवर गोळी रक्तातून ओसरलेली असते. गोळी साडेआठला घेतली तर तीच गोळी जास्त काम करते, तेवढ्याच पैशात. ती चावू किंवा कुटू नये, कारण वरचं आवरण जठरात विरघळू नये म्हणूनच दिलेलं असतं. पूर्ण परिणामाला तीन ते पाच दिवस लागतात, त्यामुळे जळजळ झाली त्या दिवशी एक, असं घेऊन फारसा उपयोग नाही. त्या दिवसासाठी अँटासिड किंवा अल्जिनेट बरं. सोडा घातलेलं फसफसणारं पाणी ढेकर आणून मोकळं वाटवतं खरं, पण तो वायू पोट ताणतो आणि झडप उघडतो. शिवाय त्यातलं सोडियम रक्तदाबाच्या रुग्णाला नको असतं.

गोळी सोडताना दोन्ही आजारांचा संबंध पुन्हा समोर येतो. डेन्मार्कमध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पोटाची कसलीही तक्रार नसलेल्या निरोगी लोकांना आठ आठवडे इसोमेप्राझोल ४० मिलिग्रॅम देऊन थांबवलं. पुढच्या चार आठवड्यांत त्यांच्यापैकी ४४ टक्क्यांना जळजळ, आंबट येणं असले त्रास झाले. खोटी गोळी घेतलेल्यांत प्रमाण होतं १५ टक्के. ॲसिड दाबलं गेलं की गॅस्ट्रिन वाढत राहतं, आणि दाब काढला की पंप उसळून काम करतात. गंमत म्हणजे ज्यांच्या पोटात जंतू आणि मधल्या अंगाची सूज असते त्यांच्यात हा उसळा सहसा दिसत नाही, कारण सूज पेशींना दाबून धरते. जंतूमुक्त, निरोगी जठराच्या माणसालाच गोळी सोडणं जड जातं. ‘बंद केली की लगेच त्रास होतो, म्हणजे मला ती लागतेच’ हा निष्कर्ष पहिल्या दोन-चार आठवड्यांत काढू नये. ४० वरून २०, मग एक दिवसाआड, आणि मधल्या दिवसांना अल्जिनेट, असं बरेच डॉक्टर सांगतात. अन्ननलिकेला मोठ्या जखमा असलेले, म्हणजे लॉस एंजेलिस श्रेणी सी किंवा डी, बॅरेट्स (ॲसिडने अन्ननलिकेचं अस्तरच बदलणं) झालेले आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर असलेले यांनी मात्र हा प्रयोग स्वतःहून करू नये.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात. तिखटाने जठराला जुनी सूज येते याला आधार नाही. आधीच पोळलेल्या अस्तरावर ते झोंबतं, एवढंच. रिफ्लक्सला जास्त नडतात तेल-तूप, जेवणाचा आकार आणि वेळ. चरबीने जठर उशिरा रिकामं होतं आणि झडप जास्त वेळा उघडते. मिसळीत तर्री, फरसाण आणि कच्चा कांदा एकत्र येतात, त्यामुळे दोष एकट्या मिरचीवर ढकलू नये. संकष्टीचं गणित आणखी अवघड: दिवसभर साबुदाणा-शेंगदाणे-तूप, मग चंद्रोदय नऊ-साडेनऊला, त्यानंतर मोदकांसह भरपेट जेवण आणि तासाभरात अंथरूण. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत, हा नियम त्या रात्री पाळायचा तर मध्यरात्र उलटेपर्यंत जागावं लागेल. त्यापेक्षा उपास सोडताना ताट निम्मं ठेवणं सोपं. झोपताना ग्लासभर थंड दूध पिण्याची पद्धत आहे. त्याने पंधरा-वीस मिनिटं बरं वाटतं, मग त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी ॲसिड करायला लावतात.

पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली सहा ते आठ इंचांचे लाकडी ठोकळे ठेवावेत. उशा वाढवून ते काम होत नाही, माणूस कमरेत दुमडतो आणि पोटावर दाबच येतो. डाव्या कुशीवर झोपलं की जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं, उजव्या कुशीवर उलट होतं. पोटावर कचकून आवळलेला पट्टा जेवणाआधी एक भोक सैल करावा. वजन उतरवण्याइतका उपयोग मात्र यांतल्या कशाचाच नाही.

गिळताना अडकणं, वजन आपोआप घटणं, रक्ताची उलटी, डांबरासारखं काळं शौच, न कळणारा ॲनिमिया, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असेल तर गोळ्या बदलत बसू नये, एंडोस्कोपी करून घ्यावी. चालताना किंवा जिना चढताना छातीत भरून येतं आणि थांबल्यावर कमी होतं, किंवा घाम सुटतो, तर ईसीजी आधी. त्याला ॲसिडिटी समजून सोडा पिण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

जंतू सापडला तर औषधांचा कोर्स बहुधा चौदा दिवसांचा असतो: पीपीआय दोन वेळा, बिस्मथ आणि टेट्रासायक्लिन चार-चार वेळा, मेट्रोनिडाझोल तीन किंवा चार वेळा. मेट्रोनिडाझोलला दाद न देणारे जंतू आपल्याकडे पुष्कळ आहेत, तरी पूर्ण डोस पूर्ण दिवस घेतला तर ते या मिश्रणात चालून जातं. अर्ध्यावर सोडलं तर जंतू राहतो आणि पुढच्या वेळी औषधं कमी उरतात. बिस्मथने शौच आणि जीभ काळी पडते, घाबरू नये. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेऊ नये, आणि रिफ्लक्सच्या रुग्णाने ते कधीही घोटभर पाण्याबरोबर घेऊन आडवं होऊ नये. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथेच व्रण करते. बसून, ग्लासभर पाण्याबरोबर, झोपण्याच्या तासभर तरी आधी ती घ्यावी.

कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची टेस्ट करून जंतू गेल्याची खात्री करावी लागते, आणि तिच्या आधीचे दोन आठवडे पीपीआय बंद. जळजळीचा त्रास असलेल्याला हे दिवस जड जातात. बरेच जण आठवड्याच्या आतच गोळी सुरू करतात आणि टेस्टच्या दिवशी ते सांगत नाहीत. त्या दोन आठवड्यांत जेवणानंतर आणि झोपताना अल्जिनेट किंवा साधं अँटासिड चालतं, त्याने टेस्ट बिघडत नाही. टेस्टच्या दिवशी मात्र तेही नको, आणि सहा तास पोट रिकामं. न राहवून मध्ये एखादी पीपीआय घेतलीच तर लॅबमध्ये तसं सांगावं आणि तारीख दोन आठवडे पुढे घ्यावी.